फेरतपासणी

२०२४ च्या रमजानला काही दिवस बाकी असताना एका संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई दारात येऊन उभी राहिली. हातात एक तपकिरी पाकीट होतं. आमच्या यंत्रमागाच्या गावात सरकारी पाकीट आलं की लोक ते वकिलाकडे नेण्याआधी शिक्षकाकडे आणतात. मी वाचून दाखवलं. उच्च न्यायालयाची नोटीस होती. दोन वर्षांपूर्वी सत्र न्यायालयाने तिच्या मुलाला अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपातून निर्दोष सोडलं होतं. त्या निकालाविरुद्ध सरकारने अपील केलं होतं, आणि ते सुनावणीसाठी दाखल करून घेण्यात आलं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "टीचर, कोर्टाने तर सोडलं होतं ना? मग सोडलेल्याला परत कसं धरतात?"

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. कायदा हा माझा विषय नाही. पण हा प्रश्न कायद्याचा कमी आणि इन्साफचा जास्त आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. तिला मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकले नाही. हे लिखाण म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर आहे.

आधी प्रकरण सांगते. मुलाला २०१९ मध्ये बसस्टँडच्या मागे पकडलं. पॅन्टच्या खिशात अठ्ठावन्न ग्रॅम एमडी सापडलं, असा पंचनामा. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ती पांढरी भुकटी. कायद्याप्रमाणे ती दोन ग्रॅमपेक्षा कमी असेल तर अल्प मात्रा, आणि पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर व्यापारी मात्रा. व्यापारी मात्रेला १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे, आणि वीस वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अशा आरोपात जामीनही सहज मिळत नाही. कायद्याच्या ३७ व्या कलमाप्रमाणे आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, याबद्दल न्यायाधीशांची आधी खात्री व्हावी लागते. खटला चालायच्या आधीच ही खात्री पटवायची! मुलगा तीन वर्षं कच्चा कैदी म्हणून आत राहिला.

२०२२ मध्ये तो सुटला, तो तीन कारणांनी. दोन पंचांपैकी एक साक्षीत उलटला आणि दुसरा याआधी बऱ्याच खटल्यांत पोलिसांचाच पंच होता, हे उलटतपासणीत निघालं. जप्त केलेली पाकिटं प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सहा दिवस कुठे होती, याची मालखान्याच्या रजिस्टरात नोंद नव्हती. तिसरं कारण झडतीचं. कायद्याचं ५० वं कलम म्हणतं की अंगझडती घेण्याआधी त्या माणसाला सांगायला हवं, की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती व्हावी असं म्हणण्याचा तुला हक्क आहे. इथे छापील मराठी फॉर्मवर एवढंच होतं, की आमच्याकडून झडती घ्यायला हरकत आहे काय? त्याखाली 'नाही', आणि त्याखाली सही.

ती सही उर्दूत होती. मामेभाऊ वकिली करतो, त्याने मला कागदाची प्रत दाखवली तेव्हा मी ती लगेच ओळखली. आठवीत असताना मीच त्याला नावातला शेवटचा हर्फ लांब ओढू नको म्हणून टोकत असे. त्याने तो तसाच लांब ओढला होता. 'हरकत आहे काय' या प्रश्नात कुठला हक्क लपलेला आहे, हे त्याला कळलं असेल का? दहावीला त्याला मराठीत जेमतेम पास होण्यापुरते गुण होते. पण खरं सांगायचं तर हा प्रश्न माध्यमाचा नाही. त्या वाक्यात हक्क नव्हताच. मराठीत एम.ए. झालेल्यालाही तो तिथे सापडला नसता.

न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन सोडलं. मी हे शब्द त्याच्या आईला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तीन साल जेलमध्ये गेले, त्यात फायदा कुठला?" सुटतानाही सहा महिन्यांचा जातमुचलका लिहून घेतला होता, वरच्या कोर्टाने बोलावलं तर हजर राहीन म्हणून. तेव्हा कुणाच्या ते फारसं लक्षात आलं नाही. दार उघडलं होतं, पण कडी काढून ठेवलेली नव्हती.

आता तिच्या प्रश्नाकडे येते. सोडलेल्याला परत धरता येतं का?

सगळीकडे येत नाही. अमेरिकेत ज्यूरीने निर्दोष ठरवलं की सरकारला अपील करता येत नाही, त्यांच्या घटनेतच ते आहे. इंग्लंडमध्येही ज्यूरीने सोडलेल्या माणसावर पुन्हा खटला, हे २००३ च्या कायद्याने काही गंभीर गुन्ह्यांत आणि नवा भक्कम पुरावा मिळाला तरच शक्य झालं. आपल्याकडेही १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत निर्दोष सुटकेविरुद्ध अपील नव्हतं. १८७२ च्या संहितेने ते सरकारला दिलं. इंग्रजांनी आपल्या घरी जे ठेवलं नाही ते इथे ठेवलं, आणि स्वातंत्र्यानंतर आपणही ते ठेवलं. १९७३ च्या संहितेत ते ३७८ वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ४१९ वं आहे. आपल्या घटनेचं विसावं कलम म्हणतं की एकाच गुन्ह्यासाठी कुणावर दोनदा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही. पण अपील हा दुसरा खटला धरला जात नाही, पहिल्याचाच पुढचा भाग धरला जातो.

म्हणून कायद्याचं उत्तर सरळ आहे. हो आपा, धरता येतं. सरकारने उच्च न्यायालयाची परवानगी घ्यायची, आणि ती मिळाली की पुरावा पुन्हा तपासला जातो. पण जे करता येतं ते केव्हा करावं, हा निराळा प्रश्न आहे. तो मला एका दुसऱ्या आईमुळे जास्त टोचला.

ती त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाची आई. हा मुलगा मागावर काम करायचा. तुटलेला धागा बोटांच्या टोकांनी क्षणात जोडायचा, इतका हात साफ होता. एमडीच्या नादाला लागला आणि दोन वर्षांत घरातली भांडी गेली, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे गेले. आज तो व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन येऊन असतो. हात थरथरतात, धाग्याची गाठ बसत नाही. पहिला मुलगा सुटल्याची बातमी मोहल्ल्यात आली त्या दिवशी ही आई शाळेच्या फाटकाशी मला भेटली. म्हणाली, "टीचर, तो सुटला. माझा कधी सुटणार?"

या वाक्यापुढे पंचनामा, मालखाना, ५० वं कलम, सगळं फार किरकोळ वाटतं. अपिलाच्या बाजूने जे बोलता येईल ते सगळं या वाक्यात आहे. खून झाला तर मेलेल्याचे वारस असतात. २००९ च्या दुरुस्तीनंतर पीडित व्यक्तीला स्वतः निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करता येतं. पण खिशात भुकटी बाळगण्याच्या गुन्ह्यात पीडित कोण? ती भुकटी अजून कुणाच्या नाकात गेलेली नसते. ज्याचं घर तिच्यामुळे बुडणार असतं, त्याचं नाव आरोपपत्रात कुठेच नसतं. या आईला कोर्टात उभं राहण्याची जागा नाही. तिच्या वतीने बोलणारं कुणी असेल तर ते फक्त सरकार. खालच्या न्यायाधीशाने उघड चूक केली असेल आणि सरकार गप्प बसलं, तर तिच्यासाठी अपील करणारं कुणीच उरत नाही.

म्हणून 'सुटला तो सुटला, आता सरकारने हात लावू नये' असं मी म्हणणार नाही. आमच्या मोहल्ल्यात असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांच्या मुलांना अजून कुणी ती पुडी दिलेली नाही, एवढंच.

पण दुसऱ्या बाजूलाही एक शब्द फार स्वस्तात वापरला जातो. तो म्हणजे 'तांत्रिक'. तांत्रिक कारणावरून सुटला, असं लोक म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात असतं की माल तर होताच. मी या शब्दावर बरेच दिवस विचार केला.

इतर गुन्ह्यांत सरकारने सगळं सिद्ध करायचं असतं. या कायद्यात ओझं बरंचसं उलटं फिरवलेलं आहे. माल ताब्यात सापडला आणि समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर ५४ व्या कलमाने गुन्हा गृहीत. ३५ व्या कलमाने गुन्ह्याचा हेतूही गृहीत, आणि तसा हेतू नव्हता हे आरोपीने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचं. २००८ मध्ये नूर आगा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कलमं घटनाबाह्य ठरवली नाहीत. पण सरकारने आधी पायाभूत गोष्टी सिद्ध केल्याशिवाय हे गृहीतक आरोपीच्या डोक्यावर ठेवता येणार नाही, असं सांगितलं. पायाभूत गोष्ट म्हणजे काय? माल त्याच्याच खिशातून निघाला, आणि जो निघाला तोच प्रयोगशाळेत तपासला गेला.

मग झडती, पंच, मालखान्याचं रजिस्टर यांना तांत्रिक कसं म्हणायचं? बाळगल्याच्या गुन्ह्यात दुसरं असतं तरी काय? इथे बहुधा डोळ्यांनी पाहिलेला त्रयस्थ साक्षीदार नसतो, जखम नसते, फिर्यादी नसतो. एक खिसा असतो आणि खिशात काय होतं हे सांगणारा पोलीस असतो. खिसा ते प्रयोगशाळा एवढाच सगळा गुन्हा. त्या वाटेवर सहा दिवसांची नोंद नसेल तर कागदाचा कोपरा फाटला असं म्हणता येत नाही. मधला पूलच नसतो. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांनी सांगितलं की शिक्षा जितकी कडक तितकी काळजी जास्त हवी. २०१० मध्ये विजयसिंह जडेजा खटल्यात दुसऱ्या पाच न्यायाधीशांनी ठरवलं, की हक्क आहे हे त्या माणसाला सांगणं बंधनकारक आहे. हरकत आहे काय असं विचारणं म्हणजे हक्क सांगणं नव्हे.

आमच्या घरांत हजरत उमर यांची एक गोष्ट सांगितली जाते. रात्री गस्त घालताना त्यांना एका घरातून आवाज आला. भिंत चढून ते आत उतरले, तर माणूस दारू घेऊन बसलेला. त्यांनी त्याला दटावलं. तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, माझ्याकडून एक गुन्हा झाला असेल, आपल्याकडून तीन झाले. टेहळणी करू नका असा हुकूम आहे, आपण केली. घरात दारातून या असा हुकूम आहे, आपण भिंतीवरून आलात. परवानगी आणि सलामाशिवाय आत शिरू नका असा हुकूम आहे, आपण तसेच शिरलात. हजरत उमर परत गेले. लहानपणी मला ही गोष्ट त्या माणसाच्या हजरजबाबीपणाची वाटायची. आता वाटतं, ती उमर यांच्या परत जाण्याची आहे. दारू समोर होती. खलिफा होते, शिपाई बोलावता आला असता. आपण आत कसे आलो हे त्यांनी आधी पाहिलं. शुबहा असेल तर शिक्षा टाळा, हे आपल्या फिकहमधलं जुनं सूत्रही त्याच जातीचं आहे.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांना केलेला उपदेश होईल.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी वर्गातून सहलीचे शंभर रुपये नाहीसे झाले. मी सगळ्यांच्या पिशव्या उलट्या केल्या. एका मुलाच्या कंपासपेटीत शंभराची नोट निघाली. तो म्हणाला, अब्बांनी दिली. मी वर्गासमोर त्याला चोर म्हटलं. प्रकरण हेडमास्तर साहेबांकडे गेलं. त्यांनी मला विचारलं, नोटेवर काही खूण होती का? पिशव्या तपासताना दुसरं कुणी मोठं माणूस हजर होतं का? दोन्हींची उत्तरं नाही होती. त्यांनी मुलाला वर्गात परत पाठवलं.

मी तिथे थांबले नाही. त्याच्या अब्बांना बोलावलं. ते रात्रपाळीहून थेट आले होते. नोट दिली होती का, त्यांना नक्की आठवेना. मी पालकसभेत विषय काढला. स्टाफरूममध्ये महिनाभर बोलत राहिले. तेव्हा मला वाटत होतं की मी सत्यासाठी भांडते आहे. आज वाटतं, मला शंभर रुपयांचं काही पडलेलं नव्हतं. वर्गासमोर मी जे म्हटलं ते हेडमास्तरांनी मोडलं, याचं दुःख होतं. मुलाने पुढच्या जूनमध्ये शाळा बदलली. नोट कुणाची होती हे कधीच कळलं नाही.

म्हणून अपिलाकडे पाहताना मी पहिला प्रश्न हाच विचारते. हे अपील कशासाठी आहे? चुकीचा निकाल दुरुस्त करायला, की मोडलेला शब्द जोडायला?

बी.एड.ला आम्हाला मूल्यमापन हा विषय होता. बोर्डाच्या फेरतपासणीचे नियम सगळ्या शिक्षकांना ठाऊक असतात. लिहिलेलं उत्तर तपासायचं राहून गेलं असेल, बेरीज चुकली असेल, बरोबर उत्तराला शून्य दिलं असेल, तर फेरतपासणीत गुण वाढतात, वाढलेच पाहिजेत. पण मुलाने जे उत्तर लिहिलंच नाही, त्याला कितीही वेळा तपासलं तरी गुण मिळत नाहीत. 'मला येत होतं हो, लिहायचं राहिलं' हे तिथे चालत नाही.

निर्दोष सुटकेविरुद्धचं अपील ही सरकारच्या उत्तरपत्रिकेची फेरतपासणी आहे. समजा, माल पिशवीत सापडला, अंगावर नाही, आणि खालच्या न्यायाधीशाने तरीही ५० व्या कलमावर आरोपीला सोडलं. २००५ च्या पवनकुमार निकालाप्रमाणे पिशवीच्या झडतीला ते कलम लागू नाही. इथे उत्तर बरोबर लिहिलेलं आहे, तपासणाराची चूक झाली आहे. सरकारने अपील केलंच पाहिजे. त्या दुसऱ्या आईसाठी ते त्याचं कर्तव्य आहे. पण सहा दिवसांची नोंद रजिस्टरात नसेल, हक्क सांगितलेलाच नसेल, तर ते न लिहिलेलं उत्तर आहे. उच्च न्यायालय ती नोंद कुठून आणणार?

न्यायालयांनीही जवळपास हेच सांगितलेलं आहे. १९३४ मध्ये शिव स्वरूप खटल्यात प्रिव्ही कौन्सिल म्हणालं की वरचं न्यायालय सगळा पुरावा पुन्हा तपासू शकतं, पण साक्षीदार ज्याने समोर पाहिले त्या न्यायाधीशाच्या मताला वजन द्यायला हवं. २००७ च्या चंद्रप्पा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुटलेल्या माणसाचं निर्दोषत्व दुहेरी गृहीत धरायचं. एकदा तो आरोपी असतो म्हणून, दुसऱ्यांदा एका न्यायालयाने त्याला सोडलं म्हणून. पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील, तर सुटकेला धक्का लावायचा नाही. मलाही दुसरा निष्कर्ष जास्त पटतो, एवढं पुरत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग बिघडलं काय? अपिलात दम नसेल तर ते फेटाळलं जाईल. पण अपील पडून असतं तो काळही जगावा लागतो. या मुलाला गॅरेजमध्ये काम मिळालं होतं. आखातात जायचं म्हणून पासपोर्टचा अर्ज भरायचा होता, तो तसाच राहिला. मुलीकडच्यांनी रिश्ता थांबवला. उच्च न्यायालयाने निकाल फिरवला तर शिक्षा दहा वर्षांच्या खाली नाही. कायद्याने त्याला मग सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क दिलेला आहे, पण दिल्लीचं भाडं कायदा देत नाही. वाट पाहण्याची ही शिक्षा कुठल्याही कलमात लिहिलेली नाही, म्हणूनच ती कुणी मोजत नाही.

आणि त्या दुसऱ्या आईचं काय? मला वाटतं, अशा अपिलाने फसवणूक झालीच तर आधी तिची होते. तिला दाखवलं जातं की सरकार तिच्यासाठी लढत आहे. खरं लढायचं होतं त्या संध्याकाळी बसस्टँडच्या मागे. खरा स्वतंत्र पंच आणायला हवा होता. हक्क मुलाला कळेल अशा भाषेत सांगायला हवा होता. रजिस्टरात दोन ओळी लिहायला हव्या होत्या. त्या लिहिल्या असत्या तर दोषी माणूस सुटला नसता, आणि निर्दोष असता तर तीन वर्षं सडला नसता. सुटकेचा प्रत्येक निकाल हा पुढची झडती नीट कशी घ्यावी याचा धडा असतो. तो धडा ज्या पोलिसाने वाचायचा त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि अपिलाची फाईल मात्र मुंबईला पोचते, तेव्हा तीच चूक पुढच्या पंचनाम्यात पुन्हा छापली जाते. फॉर्म तोच, 'हरकत आहे काय' तेच.

तो मुलगा दोषी होता का? वाचक विचारतील, मोहल्लाही विचारतो. मी त्याच्या खिशात हात घातलेला नाही. ज्यांनी घातला त्यांना कोर्टात ते पटवून देता आलं नाही. माझ्यासारखीने त्यापुढे जाऊन काही ठरवणं म्हणजे पुन्हा ती कंपासपेटी उघडणं होईल.

त्या संध्याकाळी त्याच्या आईने जाता जाता दाखला मागितला होता. वकिलाने सांगितलं होतं, शाळेचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला असला तर बरं. शाळेच्या वतीने दाखला देण्याचा मला अधिकार नाही, म्हणून मी स्वतःच्या नावाने लिहून दिलं. पाच वर्षं मी याला शिकवलं. त्या पाच वर्षांत मी याला जसा पाहिला तसाच लिहीत आहे. एवढंच लिहिलं. जे पाहिलं नाही त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, बाजूने नाही आणि विरुद्धही नाही.

दुसरा मुलगा दर शुक्रवारी शाळेवरून जातो. थांबून सलाम करतो. हात पाठीमागे धरतो, मला थरथर दिसू नये म्हणून. मला ती दिसते. त्याच्या आईच्या प्रश्नाला माझ्याजवळ अजून उत्तर नाही. एवढं मात्र कळतं, की ते उत्तर दुसऱ्या आईच्या मुलाला कच्च्या कागदावर आत टाकून मिळणार नाही.